कोस्टा रिकाला कासवांसाठी व्हॉलंटिअर म्हणून जायचंय? मग आधी हे वाचा

कोकणातल्या वेळास गावच्या कासवांच्या पिल्लांचे फोटो फिरायला लागले की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ते बाहेरच्या देशात जाऊन कासवांचं काम करतात ते कसं जमवायचं, आणि फुकट असतं का. फुकट नसतं, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. तिकीट आपलं, राहण्याखाण्याचे पैसे आपले, रात्रभर ओल्या वाळूत तंगडतोड करायची तीही आपणच, आणि अशा कितीतरी रात्री जातात की एक कासव दिसत नाही. एवढं ऐकूनही जायचंच असेल तर पुढे वाचा.

मी कोस्टा रिकाबद्दलच लिहितोय, कारण हे काम तिथे फार जुनं आहे आणि नवख्या माणसाला हाताशी धरून शिकवायची तिथल्या लोकांना सवय आहे. कॅरिबियन किनाऱ्यावर टॉर्टुगेरो नावाचं गाव आहे, गाड्या नाहीत, रस्ता नाही, होडीने जायचं. आर्ची कार नावाचे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात तिथे हिरव्या कासवांवर काम करायला लागले, १९५९ मध्ये त्यांच्या कामाभोवती जी संस्था उभी राहिली तीच आजची सी टर्टल कन्झर्व्हन्सी. १९७५ मध्ये तिथे नॅशनल पार्क झालं. साधारण ३५ किलोमीटरचा तो किनारा म्हणजे पश्चिम गोलार्धातली हिरव्या कासवांची सगळ्यात मोठी अंडी घालायची जागा. आणि हो, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने हिरव्या कासवाला जागतिक पातळीवर 'धोक्यात' या यादीतून काढून 'कमी चिंतेच्या' यादीत टाकलं, त्यामागे अशा किनाऱ्यांवरची कित्येक दशकांची गस्त आहे. म्हणजे काम उपयोगी आहे यात शंका नाही, प्रश्न एवढाच की त्यात आपण नेमके कुठे बसतो.

पहिली पायरी: वेळास, आंजर्ले, गुहागर

लाखाच्या वर खर्च करण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात जाऊन या. ऑलिव्ह रिडली जातीच्या कासवांच्या माद्या आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात, पिल्लं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत निघतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमारास हे काम सुरू केलं, आता गावकरी आणि वनखातं मिळून हॅचरी, म्हणजे अंडी राखून उबवायची जागा, चालवतात, गावात होमस्टे आहेत, उकडीचे मोदक मिळतात, सगळी मजा आहे. पण तुम्ही मोदकांसाठी जाऊ नका. पहाटे साडेपाचला उठा, कासवमित्रासोबत, म्हणजे कासवांचं काम करणाऱ्या गावकऱ्यासोबत, किनाऱ्यावर चालायला मिळतंय का विचारा, आणि घरट्यावरची टोपली उचलल्यावर खाली एकही पिल्लू नाही निघालं तर तुम्हाला कसं वाटतं ते बघा. वैताग आला तर कोस्टा रिका विसरा, कारण तिथे हेच आहे, फक्त रात्री आणि पावसात.

गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथेही ऑलिव्ह रिडली येतात, ज्यांना ते जवळ पडतं त्यांनी तिकडे जावं.

आधी इथलं काम बघण्याचं अजून एक कारण आहे. कोस्टा रिकात माद्यांना धातूचे टॅग लावतात, आणि नवीन माणूस हमखास विचारतो की ह्या छोट्याशा पट्टीचा उपयोग काय. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडली २०२५ च्या जानेवारीत थेट आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. कुणीतरी ओडिशात रात्री बसून नंबर नीट लिहिला आणि कुणीतरी गुहागरात तो नीट वाचला, म्हणून ते कळलं. तुम्ही तिथे जे काम करणार आहात ते बहुतेक करून हेच आहे, नंबर नीट वाचणे आणि नीट लिहिणे.

कुठलं कासव बघायचंय ते ठरवा, महिना आपोआप ठरतो

लोक आधी सुट्टी टाकतात आणि मग कासवं शोधतात, उलटं करा.

लेदरबॅक, म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं कासव, पाठीला कवच नाही तर जाड चामडं, वजन तीनशे किलोच्या पुढे सहज जातं. कॅरिबियन बाजूला साधारण मार्च ते जून-जुलै, एप्रिल-मे जोरात. आपल्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांना हेच. तिथे त्याला 'बाउला' म्हणतात.

हिरवं कासव टॉर्टुगेरोला जुलै ते ऑक्टोबर. कॅरिबियन बाजूला पाऊस वर्षभर कधीही येतो पण सप्टेंबर-ऑक्टोबर त्यातल्या त्यात कोरडे, त्यामुळे मला विचाराल तर नवख्याने तेव्हाच जावं, माद्याही असतात आणि आधीच्या घरट्यांमधून पिल्लंही निघत असतात.

पॅसिफिक बाजूला ऑस्तिओनाल आहे, तिथे ऑलिव्ह रिडली हजारोंच्या संख्येने एकदम वर येतात, त्याला अरिबादा म्हणतात, पावसाळ्याच्या महिन्यांत मोठ्या होतात. आपल्या ओडिशातही असंच होतं. पण ऑस्तिओनालला जाण्याआधी एक गोष्ट माहिती असू द्या, नाहीतर धक्का बसेल. तिथे गावकऱ्यांना अरिबादाच्या पहिल्या ३६ तासांत अंडी गोळा करून विकायची कायदेशीर परवानगी आहे. कारण असं की एवढ्या माद्या येतात की नंतर आलेल्या माद्या आधीच्यांची घरटी उकरून टाकतात, ती अंडी तशीही वाया जातात, वर कुजून बाकीच्यांना त्रास. बदल्यात गावकरी किनारा साफ ठेवतात, पहारा देतात. मला हे पटतं, माझ्या एका मैत्रिणीला अजिबात पटत नाही, आमचं त्यावर वाजतं. तुम्ही जाऊन बघा आणि ठरवा, पण तिथे उभं राहून गावकऱ्यांना लेक्चर देऊ नका.

प्रोजेक्ट खरा की दुकान, हे कसं ओळखायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

गूगलवर शोधलंत की वरती ज्या साइट येतात त्या बहुतेक एजन्सीच्या असतात. एजन्सी म्हणजे वाईटच असं नाही, पण त्या मधले पैसे ठेवतात आणि तुम्ही ज्या किनाऱ्यावर जाणार तिथल्या लोकांपर्यंत किती पोचतात ते कळत नाही. शक्यतो जी संस्था स्वतः किनाऱ्यावर गस्त घालते तिलाच थेट ईमेल करा. उत्तर यायला आठवडा लागतो, कारण सीझनमध्ये ते लोक दिवसा झोपलेले असतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी रिमाइंडर टाकू नका.

ईमेलमध्ये साध्या भाषेत विचारायचं ते असं: सरकारी परमिट आहे का (कोस्टा रिकात पर्यावरण मंत्रालयाच्या सिनाक या यंत्रणेची परवानगी लागते, कासवांसाठी २००२ चा वेगळा कायदाच आहे), रात्रीच्या गस्तीत माझ्यासोबत कोण असेल, तो माणूस पगारी आहे का, स्थानिक आहे का, मी गेल्यावर ट्रेनिंग किती दिवस, गोळा केलेली माहिती कुठे जाते, आणि व्हॉलंटिअर नसतील तेव्हा गस्त चालू असते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. व्हॉलंटिअर नसतानाही गस्त चालू असेल तर तो प्रोजेक्ट कासवांसाठी आहे, नसेल तर तो तुमच्यासाठी आहे.

आता कुठे पाऊल ठेवायचं नाही ते. पिल्लं टाकीत ठेवून दाखवतात, "रोज पिल्लं हातात घ्यायला मिळतील" असं लिहितात, दुपारी उन्हात पर्यटकांच्या वेळेला पिल्लं सोडतात, मादीवर बसलेल्या किंवा तिला मिठी मारलेल्या लोकांचे फोटो लावतात, अशा जागी जाऊ नका. पिल्लू घरट्यातून निघतं तेव्हा त्याच्यात पहिले एक-दोन दिवस जोरात पोहून खोल समुद्र गाठायची ताकद असते, ती टाकीत गोल गोल फिरण्यात संपली की मग समुद्रात सोडून उपयोग काय. हे असले प्रकार जगभर आहेत, कोस्टा रिकातच नाही, आणि रिव्ह्यू वाचाल तर पाच स्टार दिसतील कारण लोकांना हातात पिल्लू मिळालेलं असतं.

पैसे

लोकांना राग येतो, की काम आम्ही करणार आणि पैसेही आम्हीच द्यायचे? मी समजावून समजावून थकलो. बघा, तुम्ही दोन-तीन आठवडे जाणार, त्यातले पहिले चार दिवस तर तुम्हाला अंधारात ओंडका आणि कासव यातला फरक कळण्यात जाणार. तुमच्या दिवसाच्या फीमधून जेवण निघतं, जनरेटरचं डिझेल निघतं आणि मुख्य म्हणजे गावातल्या माणसाचा पगार निघतो. तो माणूस पूर्वी अंडी विकत असेल तर आता गस्तीतून त्याचं घर चालतंय. खरं सांगायचं तर व्हॉलंटिअरचा सगळ्यात मोठा उपयोग त्याचे पैसे आणि त्याचे पाय हाच आहे. ज्ञान तुमचं त्यांना नकोय, ते त्यांच्याकडे आहे. हे एकदा मनाला पटलं की मग तिथे त्रास होत नाही.

मोठा खर्च विमानाचा. भारतातून थेट फ्लाइट नाही, युरोपातून किंवा अमेरिकेतून जावं लागतं आणि जाऊन-येऊन लाखाच्या पुढेच धरा. त्यामुळे एक आठवड्यासाठी जाण्यात काही अर्थ नाही, कमीत कमी तीन आठवडे काढा, जमलं तर महिना. संस्थेलाही तेच बरं पडतं.

रोख जवळ ठेवा. कोलोन हे तिथलं चलन, पण डॉलरही बऱ्याच ठिकाणी चालतात, फक्त नोटा छोट्या आणि न फाटलेल्या घ्या. संस्थेच्या किनाऱ्यावरच्या तळाजवळ, म्हणजे स्टेशनजवळ, एटीएम असेल या भरवशावर राहू नका.

व्हिसा आणि प्रवास

भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो, दिल्लीत त्यांचा दूतावास आहे. पासपोर्टवर अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून तिकडे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना हे सोपं जातं, पण कुठल्या प्रकारचा व्हिसा चालतो आणि किती दिवस राहता येतं ते दूतावासाच्या ताज्या नियमांत बघूनच तिकीट काढा, कारण नियम बदलत राहतात. भारतातून जाणाऱ्यांनी तीन-चार महिने आधी सुरुवात करा. बँक स्टेटमेंट, परतीचं तिकीट, संस्थेचं पत्र हे लागेलच असं धरून चाला, पोलीस क्लिअरन्स मागितला तर त्यालाही वेळ जातो. आणि संस्थेला स्पष्ट विचारा की तुमच्याकडे येण्यासाठी कुठल्या व्हिसावर यायचं, उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर नको.

इथे एक जण हमखास फसतो ते ट्रान्झिटला. अमेरिकेतून फ्लाइट बदलायची असेल तर नुसतं विमानतळावर बसायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातही काही देश भारतीयांना एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा मागतात. स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे बघा, मग कार्ड काढा.

राजधानी सान होसेला उतरलात की पहिली रात्र तिथेच काढा. वेळेचा फरक साडेअकरा तासांचा आहे, दिवसाची रात्र होते, आणि संध्याकाळी सहाच्या आसपास बारा महिने अंधार पडतो. टॉर्टुगेरोला जायचं तर सकाळची बस धरून कारियारी, तिथून दुसरी बस ला पावोनाला, आणि तिथून कालव्यातून होडी. होडीचा प्रवास भारी आहे, दोन्ही बाजूंनी जंगल, कडेला मगरी पडलेल्या असतात, माकडं ओरडत असतात. बॅग गुडघ्यावर घेऊन बसायला लागते, म्हणून चाकांची सुटकेस नको, पाठीवरची सॅक घ्या.

डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. डेंग्यू तिथे आहे, टॉर्टुगेरो ज्यात येतं त्या लिमोन प्रांतात मलेरियाही आढळतो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. येताना-जाताना दक्षिण अमेरिकेतल्या देशात किंवा पनामात थांबणार असाल तर यलो फीव्हरच्या सर्टिफिकेटचं विचारून ठेवा, भारतात परत येताना ते मागतात. इन्शुरन्स घेताना त्यात दुर्गम भागातून हॉस्पिटलला नेण्याचा खर्च धरलाय का हे वाचा. जिथे होडीशिवाय रस्ता नाही तिथे हे कलम महत्त्वाचं आहे.

बॅगेत काय

लाल उजेडाचा हेडलॅम्प. पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते आणि अंडी न घालताच परत जाते, पिल्लंही भरकटतात. लाल बटण वेगळं असलेला घ्या, काही हेडलॅम्पला लाल लावायला आधी पांढऱ्यातून जावं लागतं, तो तिथे चालणार नाही.

कपडे काळे किंवा गडद, पूर्ण बाह्यांचे, पटकन वाळणारे. जीन्स घरीच राहू दे. बंद बूट, जुने, जे फेकून द्यायची तयारी आहे असे, कारण किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेले मोठमोठे ओंडके असतात आणि अंधारात नडगी त्यावरच आपटते. चांगला रेनकोट. छत्री नाही. झिपलॉकच्या पिशव्या भरपूर, दमट हवेत सगळ्याला बुरशी येते. डास आणि वाळूतल्या बारीक चावऱ्या किड्यांसाठी रिपेलंट आणा, पण अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावायचा असेल त्या रात्री हाताला लावू नका.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. सकाळी गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळा राजमा परतून, दुपारी परत भात आणि राजमा, कॅरिबियन बाजूला तोच नारळाच्या दुधात शिजवतात, तो तर आपल्याला आवडतोच. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, कंटाळतो फक्त. चटणी-मेतकूट न्यायचं असेल तर सीलबंद पाकीट न्या आणि कस्टमला जाहीर करा. मी तर म्हणतो एक छोटं पाकीट गोडा मसाला न्या, कधीतरी तुमच्यावर स्वयंपाकाची पाळी येतेच आणि मग तुमची वट वाढते.

स्पॅनिश थोडं शिकून जा. सगळं नको, नंबर शून्य ते शंभर, डावं-उजवं, थांब, हळू, लाइट बंद कर, एवढं तरी. गस्तीवरचा लीडर अंधारात मोजमाप सांगतो आणि तुम्ही लिहिता, तिथे सेसेन्ता की सेतेन्ता यात घोळ झाला तर साठचे सत्तर होतात.

गस्त: नेमकं काय करायचं असतं

साधारण रात्री आठला पहिली पाळी निघते, मध्यरात्रीनंतर दुसरी. चार-चार तास, कधी जास्त. मऊ वाळूत आठ-दहा किलोमीटर होतात. म्हणून जायच्या आधी महिनाभर चालायची सवय करा, रस्त्यावर नाही, वाळूवर, जवळ समुद्र नसेल तर निदान टेकडी चढा.

लाइट लावायचा नसतो. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि फेसाच्या पांढऱ्या रेषेवर तुम्ही चालायला लागता. शोधायचा असतो तो माग. समुद्रातून वर आलेला काळा पट्टा. लेदरबॅकचा पट्टा दोन मीटरच्या आसपास रुंद आणि दोन्ही बाजू सारख्या, हिरव्याचा मीटरभर, तोही सारखा कारण ती वल्ह्यांसारखे दोन्ही पाय एकदम मारत पुढे सरकते. ऑलिव्ह रिडलीचा अरुंद आणि आळीपाळीने उमटलेला. एकच पट्टा दिसला तर मादी अजून वर आहे. दोन दिसले तर ती येऊन गेली.

मादी वर असली की सगळे मागे बसतात आणि लीडर एकटा रांगत पुढे जातो. खड्डा खणून होईपर्यंत कुणी हलायचं नाही, डास चावू दे नाहीतर पाय झोपू दे. लेदरबॅक मागच्या वल्ह्यांनी, म्हणजे मागच्या पायांनी, खणते ते बघायला मिळालं तर नशीब समजा. एवढं अवाढव्य जनावर, आणि मागचं वल्हं खड्ड्यात घालून टोक आत वळवून ओंजळीत घेतल्यासारखी वाळू वर काढतं, अलगद बाजूला ठेवतं, मग दुसरं वल्हं पुढच्या बाजूला वाळू झटकून आत जातं. एकदा डावं, एकदा उजवं. वल्हं खालपर्यंत पोचेनासं झालं की थांबते, तोवर खड्डा पाऊण मीटरच्या आसपास गेलेला असतो. तिला तो दिसत नसतो, एकदाही मागे वळून बघत नाही.

अंडी पडायला लागली की ती बाहेरच्या गोष्टींकडे फारसं लक्ष देत नाही, मग काम सुरू. लाटांपासून किंवा चोरांपासून वाचवायला घरटं हलवायचं, म्हणजे अंडी दुसरीकडे नेऊन पुरायची, असं ठरलं असेल तर एक जण वाळूवर पालथा पडून खड्ड्यात पिशवी धरतो. बहुतेकदा ते काम नवीन माणसालाच देतात. अंडी कोमट असतात, चिकट पाण्यासोबत दोन-दोन तीन-तीन पडतात, पिशवी बघता बघता जड होते आणि हात भरून येतो. दुसरा मोजतो. लेदरबॅकची साधारण ऐंशीएक, आणि शेवटी शेवटी बारीक बारीक, बलक नसलेली पडतात, ती वेगळी मोजायची. हिरव्याची शंभर-सव्वाशेपर्यंत. टॅग लावणं, लांबी मोजणं हे अंडी घालून झाल्यावर, आणि टॅगची पक्कड तुमच्या हातात पहिल्या आठवड्यात कुणी देणार नाही, देऊही नये.

निघताना पायाने माग पुसायचा. सगळा पट्टा, समुद्रापर्यंत. अंडीचोरालाही तोच माग दिसत असतो.

घरटं हलवायचं असेल तर घाई असते, कारण काही तासांतच गर्भ अंड्याच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि मग अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून पिशवी डोलवायची नाही, खांद्यावर टाकायची नाही, छातीशी धरून चालायचं. एक-दोन किलोमीटर.

हॅचरी आणि दिवसाची कामं

हॅचरीत पाळी लावतात, रात्रीही. जाळीची टोपली दर थोड्या वेळाने बघायची, खेकडे आणि मुंग्या हाकलायच्या, वाळूचं तापमान लिहायचं. तापमानाचं एवढं कौतुक का, तर कासवात नर की मादी हे वाळू किती तापते त्यावर ठरतं, साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, वर गेलं की माद्याच माद्या. म्हणून काही हॅचरीत सावलीची जाळी घालतात.

पिल्लं निघाली की मोजून लगेच सोडतात, दरवेळी वेगळ्या जागी, नाहीतर माशांना सवय लागते. पाण्यात नेऊन टाकायचं नाही, वाळूवरून त्यांचं त्यांना चालू द्यायचं. मोबाइल खिशात. बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्याला बंदीच असते, टॉर्टुगेरोच्या किनाऱ्यावर रात्री साध्या पर्यटकालाही कॅमेरा नेता येत नाही. इन्स्टासाठी चाललेल्यांनी हे वाचून घ्या.

दोन-तीन दिवसांनी ते घरटं उकरून रिकामी टरफलं, न उबलेली अंडी, मेलेली पिल्लं मोजायची. ग्लोव्ह्ज घाला. वासाबद्दल काही लिहीत नाही. पण संस्थेसाठी ही माहिती मोलाची असते, आणि कधी तळाला एखादं जिवंत पिल्लू अडकलेलं सापडतं.

बाकी किनाऱ्यावरचा प्लॅस्टिक कचरा, भांडी, स्वयंपाक, किनाऱ्यावरच्या खुणेच्या खुंट्यांना रंग. दिवसा झोप मिळते ती पत्र्याखाली, उकाड्यात.

सेफ्टी, आणि हे गंमतीत घेऊ नका

कासवाची अंडी बारमध्ये विकली जातात, मर्दानगी वाढते या समजुतीने. त्यामुळे किनाऱ्यावर अंडीचोर भेटतात. बहुतेक वेळा दोघंही एकमेकांना नमस्कार-चमत्कार करून पुढे जातात, ज्याला मादी आधी सापडली त्याची. पण सगळीकडे तसं नाही. लिमोनजवळच्या मोईन किनाऱ्यावर ३१ मे २०१३ रोजी खाइरो मोरा सान्दोवाल या २६ वर्षांच्या स्थानिक कार्यकर्त्याला गस्तीवर असताना पळवून मारण्यात आलं. त्याच्यासोबत चार परदेशी व्हॉलंटिअर मुली होत्या, त्यांनाही डांबून ठेवलं होतं. पुढे या प्रकरणात शिक्षाही झाल्या. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण संस्थेला सरळ विचारा: तुमच्या किनाऱ्यावर अंमली पदार्थांची ये-जा आहे का, मागच्या सीझनला काही घडलं का, रात्री संपर्क कशाने करता, होडी किती वेळात येते. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर दुसरी संस्था बघा. आणि अंडीचोराशी वाद घालायचा नाही, फोटो काढायचा नाही, लीडर म्हणेल ते करायचं.

समुद्रात पोहू नका, कॅरिबियन बाजूला ओढ फार वाईट आहे. विजा चमकायला लागल्या की गस्त थांबते, तिथे हट्ट करू नका. टॉर्टुगेरोच्या पार्कमध्ये जग्वार किनाऱ्यावर येऊन माद्या मारतात, त्याच्या पंज्यांचे ठसे सकाळी वाळूत दिसतात, तो माणसांपासून लांबच राहतो पण एकट्याने फिरायला जाऊ नका एवढं पुरे. स्टेशनवर दारू बहुतेक ठिकाणी बंद असते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रोज फोन होणार नाही, नाहीतर आई तिसऱ्या दिवशी दूतावासाला फोन लावते.

परत निघताना

हेडलॅम्प, बूट, रेनकोट, उरलेल्या बॅटऱ्या, ग्लोव्ह्जची खोकी, जे चालू स्थितीत आहे ते स्टेशनवर ठेवून या, पुढच्या माणसाला लागतं. जायच्या आधीच ईमेलमध्ये विचारलंत की काय आणू, तर ते यादी पाठवतात, आणि त्या यादीत बऱ्याचदा पाण्यात लिहिता येईल अशी वही आणि पेन्सिली असतात.